दोन्ही डगरींवर हात

‘मराठी’ हा शब्द घ्या. शाळेतलं पोर सांगेल, अक्षरं तीन. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला हा शब्द साध्या अवतरणचिन्हांत देऊन लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. तिसरी आवृत्ती म्हणते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपले तीन तिलाही जमत नाहीत, पण पंधरापेक्षा पाच बरे! जुनी आवृत्ती अक्षरं मोजतच नव्हती, बाइट मोजत होती. आणि यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. अक्षरं आणि बाइट यांची तिच्यात सर्रास सरमिसळ चालायची. नावं इंग्रजीत असेतोवर प्रोग्रॅम बिनतक्रार चाले. पहिला ‘श्रीकांत’ आला की कोसळे.

हे निस्तरायचं तर भाषाच बदलणं भाग होतं. ३ डिसेंबर २००८ ला आलेल्या पायथन ३.० ने जुन्याशी नातं जाणूनबुजून तोडलं. प्रिंटला कंस लागू लागले. तिथं चुकलात तर यंत्र लगेच ओरडतं. पण तीन भागिले दोन पूर्वी १ होतं, ते आता १.५ झालं आणि कोणी ओरडलं नाही. मला हा बदल जास्त घातक वाटतो.

भाषेच्या कर्त्यांनी ‘टू-टू-थ्री’ नावाचं रूपांतराचं साधन दिलं होतं. एकदा चालवा आणि पलीकडे या, असा सरळ हिशेब. पण मुक्त स्रोत लायब्ररी लिहिणाऱ्याचे वापरकर्ते दोन्ही काठांवर. तो एकटा उडी कशी मारणार? शिवाय त्याची लायब्ररी ज्या दुसऱ्या लायब्रऱ्यांवर उभी, त्या हलल्याशिवाय ही हलत नाही. सगळे एकमेकांची वाट पाहत बसले. शेवटी चाललं ते दोन्हीकडे धावणारा एकच कोड लिहिणं. त्यासाठीच्या छोट्या लायब्ररीचं नाव ‘सिक्स’: दोन त्रिक सहा.

जुन्या कोडमध्ये खरा मजकूर दाखवायला अवतरणाआधी ‘यू’ हे अक्षर लावत. ३.० ने ते निरर्थक म्हणून काढून टाकलं. निरर्थक होतंच, पण ते काढल्यामुळे दोन्हीकडे चालणारी साधी ओळ लिहिणंही अवघड झालं. २०१२ साली ३.३ मध्ये ते ‘यू’ परत आलं. अर्थ शून्य, उपयोग मात्र पुष्कळ. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत शहाणी माघार हीच.

पायथन २.७ चा आधार २०१५ ला संपायचा होता, तो २०२० पर्यंत वाढवला. तोवर फावल्या वेळात काम करणाऱ्यांनी प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासायची! जँगो या वेब-आराखड्याने २०१७ च्या अखेरीस २.० आवृत्तीत जुन्याला रामराम ठोकला, नमपाय या गणिती लायब्ररीने १.१६ नंतर. त्यात गैर काही नाही. फक्त मागे राहिलेल्याचं चालतं काम मोडू नये.

आयपायथन या पायथनच्या संवादी साधनाच्या मंडळींनी २०१७ मध्ये सहावी आवृत्ती काढताना हे पाळलं. पॅकेजवर ‘किमान पायथन ३.३’ अशी नोंद केली. पॅकेजं बसवणारा ‘पिप’ नवा असेल तर ती वाचून जुन्या यंत्राला पाचवीच आवृत्ती देई. पिपच जुना असेल तर? तो नोंद न वाचता सहावी आणून ठेवणार. म्हणून स्थापनेच्या फाइलीतच सूचना होती: पिप सुधारा, नाहीतर पाचवी घ्या. आणि ती एक फाइल त्यांनी पायथन २ लाही वाचता येईल अशी लिहिली होती.