अन्ननलिकेतून हृदयदर्शन



बृहदारण्यकोपनिषदाने ‘हृदय’ शब्दाची तीन अक्षरे वेगळी करून प्रत्येकाचा अर्थ सांगितला आहे. वैद्यास मात्र याच हृदयाच्या चार कप्प्यांचा आणि चार झडपांचा हिशेब ठेवावा लागतो. या कप्प्यांपैकी डावा वरचा कप्पा, म्हणजे डावे अलिंद, शरीरात सर्वांत मागे आहे, आणि त्याच्या पाठीशी अगदी खेटून अन्ननलिका खाली उतरते. ही जवळीक ध्यानात घेतली म्हणजे आजच्या विषयाचे निम्मे गूढ उकलते.

छातीवर यंत्र टेकवून होणारी इकोची तपासणी पुष्कळांच्या परिचयाची आहे. कानास ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून हृदयाचे हालते चित्र उभे करावयाचे, ही तिची रीत. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थविज्ञानवेत्ते यांनी तिचा पाया घातला. त्यासाठी प्रथम हाती घेतलेले यंत्र माल्मो येथील जहाजांच्या गोदीतून मागून आणलेले होते. पोलादातील भेगा शोधणे हे त्याचे मूळचे काम! परंतु छातीवरून पाहताना फासळ्या आड येतात, आणि फुप्फुसांतील हवा ध्वनीस वाट देत नाही. डाव्या अलिंदास एक लहानशी पिशवी जोडलेली असते. ती तर बाहेरून बहुधा नीट दिसतच नाही. म्हणून टोकाला ध्वनियंत्र बसविलेली, बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी तोंडावाटे अन्ननलिकेत उतरवून मागील बाजूने हृदय पाहतात. हिलाच टी. ई. ई. म्हणतात.

त्या लहान पिशवीचे एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बालपणी घशाच्या एका विशिष्ट जंतूनंतर येणाऱ्या संधिज्वराने हृदयाची मिट्रल झडप पुढे आकसते. भारतात आजही ऐन तारुण्यातील कित्येक स्त्रियांना हा विकार आढळतो. जिना चढताना धाप लागते, नाडी अनियमित होते. पायातील शिरेतून फुगा नेऊन ही झडप उघडता येते. परंतु तो फुगा डाव्या अलिंदातूनच जावयाचा असतो. रक्त तेथे तुंबून पिशवीत त्याची गुठळी झाली असेल आणि ती धक्क्याने सुटली, तर थेट मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. अनियमित नाडी विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणण्यापूर्वीही हीच धास्ती असते. नळी गिळण्याच्या भयाने तपासणी टाळणाऱ्याने आपण काय पणास लावीत आहोत, याचा विचार अवश्य करावा.

आता पूर्वतयारी. सर्वसाधारणपणे सहा तास पोटात अन्न नसावे. साधे पाणी केव्हापर्यंत चालेल ते रुग्णालय सांगते, बहुधा दोन तास आधीपर्यंत. येथे भाविक घराण्यांत एक घोटाळा हमखास होतो. उपवास म्हटला की एकादशी आठवते, आणि साबुदाणा, दूध, निदान अर्धा कप चहा तरी चालतोच असे वाटते. हा उपवास तसा नव्हे. गुंगीत असताना उलटी होऊन पोटातील पदार्थ श्वासनलिकेत शिरला तर प्राणावर बेतते. आईची कणव येऊन तिला पहाटे गुपचूप चहा पाजणारा मुलगा तिचे हित करीत नाही. मधुमेहाची औषधे त्या दिवशी कशी घ्यावीत हे आधीच विचारून घ्यावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे तर आपल्या मनाने मुळीच बंद करू नयेत. घास गिळताना अडकणे, अन्ननलिकेची जुनी शस्त्रक्रिया, यकृताचा विकार, रक्ताची उलटी, औषधाची ॲलर्जी, झोपेत श्वास अडणे, हलणारा दात, यांपैकी काहीही असल्यास लपवू नये. कवळी काढून ठेवावी.

प्रत्यक्ष तपासणीत प्रथम घशात बधिर करणारा फवारा मारतात. तो कडवट लागतो. घसा सुजल्यासारखा, गिळता येत नाही असा भास होतो. तो भासच असतो, थोड्या वेळाने जातो. डाव्या कुशीवर निजवून दातांमध्ये एक पोकळ ठोकळा देतात, बोटास प्राणवायूचे प्रमाण दाखविणारा चिमटा लावतात आणि शिरेतून मिडाझोलमसारखे गुंगीचे औषध देतात. ही शस्त्रक्रियेची पूर्ण भूल नव्हे. ‘गिळा’ म्हटलेले बहुधा कळते, आणि तो एक घोट गिळण्याचा क्षणच काय तो कठीण. तेव्हा उमासा येतो. पुढे नाकाने संथ श्वास घेत राहावे. श्वासनलिका निराळी असल्याने नळीने श्वास कोंडत नाही. लाळ गिळू नये, ओघळू द्यावी. परिचारिका ती पुसते. पाव-अर्ध्या तासात काम आटोपते, आणि पुष्कळांना त्यातले काही आठवतही नाही.

घशाची बधिरता जाईपर्यंत, सुमारे एक-दोन तास, पाण्याचा थेंबही घेऊ नये. पुढे आधी गार पाण्याचा एक घोट घेऊन पाहावा. गरम चहा मागाहून. घसा एखादा दिवस खवखवतो. अन्ननलिकेस इजा होणे फार विरळा, कित्येक हजारांत एखादे. तरीही छातीत वा मानेत तीव्र वेदना, रक्ताची उलटी, ताप किंवा गिळण्यास त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

सोबत जाणाऱ्याचे काम केवळ हात धरून घरी आणण्याचे नाही. डॉक्टर पुष्कळदा लगेच निष्कर्ष सांगतात, आणि गुंगीतील रुग्ण मान डोलावून तो सारा विसरतो. गुठळी दिसली की नाही, दिसली असल्यास औषध किती आठवडे घेऊन पुन्हा तपासणीस यावयाचे, आणि फुग्याची तारीख केव्हाची, हे सोबत्याने तेथेच कागदावर उतरवून घ्यावे.