श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : वऱ्हाडांतील उपहासकार

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसें’त एक मौजेची कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला, तेव्हां त्याला वश करण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडली, आणि अखेर विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत त्या दोघांचा गांधर्व विवाह झाला. हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवि होता. आणि १९३९ सालीं उजेडांत आलेल्या, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटांत राजाची वंशावळ संस्कृतांत, परंतु प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. कुलाचा गौरव देवभाषेंत आणि व्यवहार लोकभाषेंत, ही वांटणी पाहून एखाद्या थट्टेखोराला हसूं आल्यावांचून राहणार नाहीं.

तसा थट्टेखोर या मुलखाला लाभला, पण तो सुमारें दीड हजार वर्षांनीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ सालीं नागपूर येथें झाला. त्यांचें बालपण बुलढाण्यास गेलें, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत झालें, आणि पुढें अकोला, खामगांव, जळगांव जामोद अशा वऱ्हाडांतील गांवीं त्यांनीं वकिली केली. वाशीम हें त्या काळीं स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण होतें. १९०५ मध्यें तो जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यांत आणि पुसद यवतमाळांत घालण्यांत आलें; वाशीम जिल्हा म्हणून पुन्हां वेगळा निघाला तो १९९८ मध्यें. सांगावयाचें इतकेंच कीं, कोल्हटकरांचें जग तें कापसाच्या काळ्या जमिनीचें, सावकारी खतांचें आणि तालुक्याच्या कचेऱ्यांचें जग होतें. पुण्यामुंबईच्या सभामंडपांपासून तें बरेंच दूर होतें, आणि ही दूरता त्यांच्या विनोदास फार मानवली.

१९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त त्यांचा पहिला विनोदी लेख प्रसिद्ध झाला. त्याचें नांव ‘साक्षीदार’. पहिलाच विषय कोर्टांतील साक्षीचा असावा, हा योगायोग मानण्याचें कारण नाहीं. जो मनुष्य रोज सकाळीं पक्षकाराचें म्हणणें ऐकतो आणि दुपारीं तेंच म्हणणें दुसऱ्याच्या तोंडून, शपथेवर, अक्षरशः तसेंच बाहेर पडतांना पाहतो, त्याला असत्याविषयीं संताप फार दिवस टिकवितां येत नाहीं. संतापाची जागा हळूहळू कुतूहल घेतें. खोटें बोलणारा माणूस वाईट असतोच असें नव्हे. पुष्कळदां तो शेजाऱ्याचा मान राखीत असतो, उधारी फेडीत असतो, किंवा नुसता भिडेस पडलेला असतो. उपहासकाराची दृष्टि अशा ठिकाणींच तयार होते. सुधारक शपथभंगाचा निषेध करील. उपहासकार शपथ घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहील.

या लेखांतून पुढें जो संग्रह झाला तो १९१० सालीं अठरा लेखांचा होता. वाढत वाढत तो बत्तीस लेखांचा झाला. ‘सुदाम्याचे पोहे’ हें त्याचें नांव घराघरांत रूढ झालें. कृष्णाला भेटावयास गेलेल्या दरिद्री मित्राची ती पुरचुंडी वाचकासमोर ठेवण्यांत जो विनय आहे, तो अर्थात् सोंगाचा आहे, आणि या सोंगांतच कोल्हटकरांची सारी युक्ति सांठविलेली आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हें त्यांचें त्रिकूट रूढीवर हल्ला करीत नाहीं. उलट तें मोठ्या निष्ठेनें रूढीचें समर्थन करतें, आणि इतकें मनापासून करतें कीं समर्थन ऐकतां ऐकतां रूढीच केविलवाणी दिसूं लागते. श्रावणी असो, गणेशचतुर्थी असो, सुदामा तेथें भक्तिभावानें हजर. स्वतः लेखक मूर्खांच्या पंक्तीला बसल्यामुळें वाचकाला रागावावयास कोणी सांपडत नाहीं. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ सालीं ज्या समाजांत घरें दुभंगलीं होतीं, त्या समाजांत ही सोय लहान नव्हती. आगरकरांनीं उघडपणें सांगितलेलें जें ऐकून घेण्यास मंडळी तयार नव्हती, तेंच सुदाम्याच्या तोंडून ऐकतांना ती हंसली. हंसून किती बदलली, हा प्रश्न मात्र राहतोच. कोल्हटकरांना स्वतःलाही तो पडला असावा, कारण दारूबंदी आणि पुनर्विवाह हे विषय त्यांनीं ‘मूकनायक’ आणि ‘मतिविकार’ या नाटकांत पुन्हां हातीं घेतले, व तेथें गांभीर्यानें हातीं घेतले.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास अँब्रोज बिअर्स नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ तेंच हत्यार परजीत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नव्हतें. बिअर्स अमेरिकेच्या यादवी युद्धांत लढलेला; त्या रक्तपातानें त्याचा मनुष्यजातीवरील विश्वास जो उडाला तो कायमचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झॅमिनर’ पत्रांत तो वर्षानुवर्षें विखारी स्तंभ लिहीत असे. रूढ शब्दांचे उलटे अर्थ सांगणारा त्याचा कोश १९०६ मध्यें आणि पुढें १९११ मध्यें ‘सैतानाचा कोश’ या अर्थाच्या नांवानें निघाला. पुलावर फांसावर चढविल्या जाणाऱ्या माणसाची त्याची १८९० ची कथा आजही वाचली जाते. तिच्यावरून १९६२ मध्यें फ्रान्समध्यें निघालेला लघुपट जगभर गाजला, आणि जपानच्या अकुतागावाच्या १९२२ च्या एका प्रसिद्ध कथेवर बिअर्सच्या दुसऱ्या एका कथेची छाया टीकाकारांनीं दाखविली आहे. ‘राशोमोन’ चित्रपट पाहणाऱ्यांना तिचें कथानक परिचित आहे. १९१३ मध्यें, एकाहत्तर वर्षांचा असतांना, बिअर्स मेक्सिकोच्या बंडाळीकडे निघाला आणि नाहींसा झाला. त्याच १९१३ सालीं कोल्हटकर ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ प्रसिद्ध करीत होते! एकाला जगांत पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. दुसरा कोर्टाच्या कामांतून सवड काढून ग्रहांचीं गणितें मांडीत होता. ‘बहु असोत सुंदर’ हें महाराष्ट्रगीतही याच लेखणीचें. महाराष्ट्राच्या खोड्या ज्यानें बत्तीस लेखांत मोजल्या त्यानेंच महाराष्ट्राचें गीत लिहिलें, हें बिअर्सला समजलें नसतें.

कोल्हटकरांचा प्रभाव शोधावयाचा तर त्यांच्या पुस्तकांपेक्षां त्यांच्या शिष्यांकडे पाहावें. राम गणेश गडकरी त्यांना गुरु मानीत. ‘बाळकराम’ या नांवानें गडकऱ्यांनीं लिहिलेल्या लेखांत सुदाम्याचें रक्त स्पष्ट आहे, फक्त त्याचा वेग वाढलेला आहे. वि. स. खांडेकर त्याच परंपरेंत वाढले. गडकऱ्यांमार्फत ती अत्र्यांकडे आली आणि १९२५ च्या ‘झेंडूचीं फुलें’ मध्यें कवींवर बरसली. चिं. वि. जोशी यांनीं शाब्दिक कोटी कमी करून प्रसंग वाढविला. पण चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी, नेहमींचींच माणसें घेऊन त्यांच्याकडून जग दाखविण्याची ही रीत, बंडूनाना-पांडुतात्यांनींच घालून दिलेली. १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’ मध्यें चाळकऱ्यांच्या गंभीर ठरावांना हंसणारा वाचक न कळत तेंच हंसतो.

आणि तरीही मूळ पुस्तक आज फारसें उघडलें जात नाहीं. दोष सर्वस्वी वाचकाचा नव्हे. कोल्हटकरांची कोटी पुष्कळदां ओढूनताणून आणलेली असते. वाक्यें संस्कृत समासांनीं जड झालेलीं असतात. आणि ज्या विधींची थट्टा आहे ते विधि शहरांतील घरांतून जवळजवळ उठून गेले आहेत. जानवें बदलण्याचा सोहळा ज्यानें पाहिलाच नाहीं त्याला ‘श्रावणी’तील गंमत तळटीपेशिवाय कशी कळावी? उपहास ज्या गोष्टीला मारतो तिच्याबरोबर थोडाथोडा स्वतःही मरतो. परंतु ‘साक्षीदार’ला तळटीप लागत नाहीं. वाशिमांतील असो कीं अकोल्यांतील, कोर्टाच्या आवारांत झाडाखालीं उभा राहून साक्ष घोकणारा मनुष्य त्या लेखाच्या वाचकाला अजून ओळखूं येतो.

१९२७ सालीं पुणें येथें भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद कोल्हटकरांना देण्यांत आलें. संमेलन, ठराव, अभिनंदन आणि आभार या सर्व थाटाची नक्कल त्यांनीं पूर्वींच ‘चोरांचें संमेलन’ या लेखांत करून ठेविली होती. अध्यक्षांची निवड करणाऱ्या मंडळींनीं तो लेख वाचलेला असणारच.