आपले ब्रदर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. पाण्याची टाकी कधी झाली, कंपाउंडची भिंत कधी झाली, ऑडिटला कोणता वर्ग मिळाला, ते सगळं सचिवांच्या अहवालात आहे. ते पुन्हा वाचून मी तुमचं जेवण लांबवत नाही. आज मला एका सभासदाबद्दलच बोलायचंय. त्यांचं नाव घेतलं तर निम्मे लोक विचारतील, हे कोण? ब्रदर म्हटलं की सारंगखेड्यातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांचं घर दाखवायचं. सरकारी दवाखान्यात बाई असली की सिस्टर, पुरुष असला की ब्रदर. तर आपले ब्रदर.

आधी माझी एक चूक सांगतो. सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा सभासदांचं आय रजिस्टर मी लिहिलं. बँकेतला माणूस, अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे आलं. व्यवसायाच्या रकान्यात प्रत्येकाला विचारून लिहिलं. शेती, शिक्षक, एसटी. ब्रदरना मात्र मी विचारलंच नाही. 'कंपाउंडर' लिहून मोकळा झालो. खरं सांगायचं तर पुरुष माणूस नर्स असतो हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. ते होते अधिपरिचारक. बारावीनंतर साडेतीन वर्षांचा जीएनएमचा अभ्यासक्रम केलेले, धडगाव आणि मोलगीला उमेदीची वर्षं काढलेले. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याच्या आधी तो सगळा डोंगर धुळे जिल्ह्यात होता आणि पाड्यावरचा पेशंट बांबूच्या झोळीतून खाली यायचा. झोळी उतरवून घ्यायला ब्रदर दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे असायचे.

त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली तेव्हा ती नोंद वाचली असणारच. बोलले काही नाहीत. उलट मला कायम 'मॅनेजरसाहेब' म्हणायचे. मी मॅनेजर कधी झालोच नाही, ऑफिसर म्हणूनच निवृत्त झालो. म्हणजे मी त्यांना खाली उतरवलं आणि त्यांनी मला वर चढवलं!

सोसायटीत राहायला आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई चोवीस तास खाटेवर. माझं काम काय, तर औषधं आणायची, डॉक्टरांची फी द्यायची आणि बँकेत जायचं. बाकी सगळं आमच्या मंडळींनी करायचं. एके संध्याकाळी ब्रदर ड्युटीवरून परस्पर घरी आले. रिपोर्ट मागतील म्हणून मी फाईल काढून ठेवली होती. त्यांनी फाईलला हात लावला नाही. म्हणाले, "आईंची पाठ बघू का?"

आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी त्यावर बोट दाबून उचललं. "इथं दाबल्यावर पांढरं पडायला पाहिजे, पडत नाही. ही जखमेची सुरुवात आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची. बँकेत वही ठेवता ना, तशी वही ठेवा. वेळ, डावी का उजवी, आणि सही. रात्री बारा, दोन, चार तुमचे. वहिनी दिवसभर थकतात."

मी म्हणालो, "ब्रदर, मला नाही जमणार. आईला संकोच वाटेल."

ते म्हणाले, "आईंना नाही वाटत साहेब, तुम्हाला वाटतो."

आज इतक्या लोकांसमोर सांगतो, ते खरं होतं.

मग त्यांनी मला शिकवलं. ओढायचं नाही, उचलून सरकवायचं, कारण ओढलं की कातडी सोलते. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी, पाठीमागे उशी, आणि पोटरीखाली घडी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. लाल झालेली जागा चोळायची नाही. मी तोपर्यंत चोळायलाच सांगत होतो. भरवताना बसतं करायचं आणि नंतरही अर्धा तास बसतंच ठेवायचं. आई त्यानंतर चौदा महिने होती. तो डाग गेला आणि शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही. ब्रदर आले की ती डावा हात उचलायची. बोलणं तेवढंच उरलं होतं.

आई गेल्यावर मी समितीत ठराव घेतला आणि रजिस्टरमधली नोंद दुरुस्त केली. बँकेच्या शिस्तीप्रमाणे, मूळ शब्द वाचता येईल अशी लाल रेघ, वर 'अधिपरिचारक', शेजारी तारीख आणि छोटी सही. ब्रदरना दाखवलं तर म्हणाले, "एवढ्यासाठी चांगल्या रजिस्टरमध्ये खाडाखोड केलीत?"

त्यांच्या हुशारीचा एक किस्सा सांगतो. तो मला त्यांनी नाही, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका डॉक्टरांनी सांगितला. पावसाळ्यात भल्या पहाटे एका मुलाला पोट दुखतं म्हणून आणलं. रात्री जमिनीवर झोपलेला. अंगावर कुठे खूण नाही, चावल्याचं म्हणावं तर कोणाला माहीत नाही. ब्रदरनी पाहिलं, त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत होत्या. डॉक्टरांना उठवून म्हणाले, "सर, मण्यार वाटते." नाग, घोणस, फुरसं चावलं की दुखतं, सुजतं. मण्यार झोपेत चावते आणि बहुतेकदा सुई टोचल्याइतकंही कळत नाही. प्रतिविष लगेच सुरू झालं म्हणून मुलगा वाचला. आपल्या गणपतीत ब्रदर दरवर्षी पाच मिनिटं मागून घ्यायचे आणि हेच सांगायचे. जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली खोचा, साप चावला तर दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, हात-पाय न हलवता दवाखाना गाठा. आरतीला उशीर होतोय म्हणून आपण घड्याळ दाखवायचो. मीसुद्धा दाखवलंय.

आता त्यांच्या भटकंतीबद्दल. घरात बसणं या माणसाला माहीतच नव्हतं. नाइट ड्युटी करून आले तरी आधी तापीवर जाणार, मग झोपणार. बॅरेजच्या आधी उन्हाळ्यात पात्रात टरबुजाच्या वाड्या असत. पुढे पाणी अडलं, वाड्या गेल्या आणि थंडीत चक्रवाकाच्या जोड्या दिसू लागल्या. ब्रदर दोन्हींचं सारखंच कौतुक करायचे. मला निवृत्तीनंतर साखर निघाली तेव्हा त्यांनी गोळ्यांच्या बरोबरीनं नदी सुरू केली. रोज साडेपाचला दारावर काठी वाजायची. शिव्या मी मनात द्यायचो.

आपण तोरणमाळला सोसायटीची सहल नेली होती, आठवतं का? आपण यशवंत तलावावर भजी खात बसलो आणि ते सगळ्या पोरांना घेऊन सीताखाईकडे गेले. परत आले तर प्रत्येकाच्या खिशात कसल्या ना कसल्या बिया! आणि धनत्रयोदशीला अस्तंब्याची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. लोक नवसाला जायचे, हे मलमपट्टीची पिशवी घेऊन. रात्रीच्या चढणीला कोणाचा पाय मुरगळतो, कोणाला टाचेला फोड येतो, कोणी पाणी न पिता चक्कर येऊन बसतो. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत त्या डोंगरात फिरतो असं आपण मानतो. ब्रदर म्हणायचे, "इतकी वर्षं तेलच लावतोय, मग भरणार कशी? एकदा भेटला तर नीट ड्रेसिंग करून देतो."

दत्तजयंतीच्या यात्रेत लोक घोड्यांचा नाच बघायला दुपारी जातात. ते दोन्ही मुलींना घेऊन उजाडायच्या आधी बाजारात जायचे. देवमण कुठे असतो, पंचकल्याण कोणाला म्हणतात, हे पोरींना घोडेवाल्यांकडूनच शिकवलं. ब्रदरना बघायचा असायचा तो खरारा. गडी घोड्याचं अंग कसं चोळतो, खूर कसा उचलून बघतो, हे ते अर्धा-अर्धा तास बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "साहेब, आमच्या वॉर्डात एका गड्यामागे एकच घोडा असता तर काय बहार असती!"

मुलींच्या वेण्या तेच घालायचे. वहिनींची शाळा सकाळची, म्हणून घरात ते खातं त्यांच्याकडे. धाकटीनं मागे मला सांगितलं की बाबांची वेणी शाळा सुटेपर्यंत सुटायची नाही, बँडेजसारखी घट्ट. पण तिनं आणखीही एक सांगितलं आणि तेही मी इथं सांगणार, कारण नुसतं गोड गोड बोलणं ब्रदरना आवडलं नसतं. तिच्या बारा वाढदिवसांपैकी सात वाढदिवसांना बाबा ड्युटीवर होते. ती मोजत होती. ब्रदरना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना लागत असे. निवृत्त झाल्यावर दर वाढदिवसाला ते नाशिकला तिच्या घरी जायचे. केक कापायच्या कितीतरी आधी, सकाळच्या एसटीनं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यात कर्करोग निघाला. शेवटचे चार महिने खाटेवर होते. मुली रजा काढून आळीपाळीनं आल्या, वहिनी होत्याच. मी वहिनींना म्हणालो, रात्रीचे बारा, दोन, चार माझे. माझं वय झालंय, मला एकट्याला उचलवत नाही, म्हणून जावईबापू एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. उशाशी वही ठेवली. वेळ, डावी का उजवी, सही.

पहिल्या रात्री दोन वाजता आम्ही त्यांना डाव्या कुशीवर घेतलं. मी पाठीमागे उशी लावली, चादर ताणली. वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच म्हणाले, "मॅनेजरसाहेब, टाच."

टाच गादीला टेकलेली होती. मी पोटरीखाली घडी सरकवली.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले. वहिनींनी त्यांची काठी आणि बॅटरी सोसायटीच्या ऑफिसात आणून दिली आहे. आय रजिस्टर ज्या कपाटात आहे त्याच कपाटात ती ठेवली आहे, किल्ली माझ्याकडे असते. सकाळी साडेपाचला नदीवर कोणाला यायचं असेल तर मी फाटकापाशी असतो. वहिनी समोर बसल्यात, त्यामुळे मला आता पुढे बोलवत नाही. थांबतो.