दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळावा, आसगाव येथे दिलेले भाषण)

सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्य या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी वैद्य नाही. माझ्या ज्येष्ठ बंधूंच्या मुखकर्करोगाच्या उपचारासाठी गेली दीड वर्षे पवनी, भिवापूर, उमरेड मार्गे नागपूरच्या वाऱ्या करतो आहे, एवढाच माझा अधिकार.

दादांची पहिली शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. घरात पेढे वाटले गेले. आणि आता डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रिया सांगत आहेत. ही वार्ता गावात पसरताच जो तो हळूच विचारू लागला, "रोग उलटला का?" या प्रश्नाचे उत्तर आज जाहीरपणे देतो, कारण कुजबुजीने रुग्णाचे धैर्य फार लवकर खचते. प्रत्येक दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे रोगाचे पुनरागमन नव्हे. कित्येकदा ती उपचारांनी मागे ठेवलेल्या हानीची दुरुस्ती असते. किरण रोगाच्या पेशी मारतात, पण त्याच वाटेवरच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. असे हाड पुढे एखाद्या लहानशा जखमेनेही भरून येईनासे होते. म्हणूनच किरणोपचारापूर्वी दातांची तपासणी करून किडलेले दात आधीच काढतात. नंतर गावातल्या गावात दात उपटून घेणे धोक्याचे असते. दादांच्या जबड्याचा मृत भाग काढून तेथे पायाच्या पोटरीतील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसवावयाचे आहे. काढलेले हाड तपासणीस जाईल, म्हणजे रोगाची शंकाही त्याच वेळी फिटेल.

चाकू लागला की कॅन्सर पसरतो, असे आपल्याकडे अजून शपथेवर सांगितले जाते. या समजुतीने किती लोक वेळ दवडून मग रुग्णालयात पोहोचतात, हे तेथील बाकावर बसल्यावर कळते. खर्ऱ्याची पुडी खिशात ठेवून हा सल्ला देणारेही मी पाहिले आहेत!

श्री. शरद पवार यांचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना मुखकर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी त्यांनी केंद्रात कृषिमंत्रिपद सांभाळले. दात गेले, तोंड पुरते उघडत नाही, गिळताना आणि बोलताना त्रास होतो, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पुढे एप्रिल २०२१ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांतच तोंडातील व्रणही काढावा लागला. म्हणजे पहिल्या उपचारानंतर सतरा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियागृह. याउलट आर. आर. आबा पाटील यांना याच रोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्यातून नेले. रोगाचे नाव एक असले तरी प्रत्येकाची वाट एक नसते. म्हणून अमक्याचे असे झाले, तमक्याचे तसे झाले, हे रुग्णाच्या उशाशी बसून सांगू नये.

दुसऱ्या वेळची भीती पहिलीपेक्षा निराळी असते. पहिल्या वेळी माणसास काही ठाऊक नसते. आता नाकातील नळी, रात्रीची कोरड, आरशातला चेहरा, सारे ठाऊक असते. दादा म्हणाले, "आता शरीरात काय उरले आहे कापायला?" आम्ही त्यांना उपदेश केला नाही. डॉक्टरांसमोर बसून विचारले, ही शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? थांबता येईल काय, आणि किती? मानेवर किरण घेतलेल्यांची थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते, ती तपासली काय? तोंडात दोन बोटेही जात नाहीत, तर भूल कशी देणार? भूलतज्ज्ञांनी नाकावाटे दुर्बिणीने नळी घालण्याची रीत समजावून सांगितली, तेव्हा दादांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरला.

आता आहाराविषयी, कारण येथे आपल्या घरांत खरी अडचण येते. दादांचे एकाशन चालू होते. वजन मात्र घटत होते आणि अशक्त शरीरातील जखम भरत नाही. डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे घेण्यास सांगितले. घरात वाद झाला. शेवटी महाराजसाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. त्या दिवसापासून मुगाच्या डाळीचे घट्ट पाणी, दूध, मऊ पनीर, सातूचे पातळ पीठ सुरू झाले. कांदा, लसूण, बटाटा यांवाचून काहीही अडले नाही. कोणी तोंडातील व्रणांवर मध लावण्यास सुचविले. तो आपण वर्ज्य मानतो हे सांगताच मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या चालू ठेवण्यास सांगण्यात आले. डॉक्टरांना आपले नियम संकोच न करता सांगावेत, एवढेच सुचवितो. शस्त्रक्रियेच्या दिवशीचा उपवास मात्र त्यांच्या घड्याळाप्रमाणे. आपल्या श्रद्धेपोटी तो वाढवू नये.

खर्चाची बाब थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया आणि किरणोपचार येतात. भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे, रेशनकार्ड व आधार जवळ असावे. मुंबईस टाटा रुग्णालयात जावे लागलेच, तर दादर येथील गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कर्करुग्णांच्या निवासाची सोय आहे.

दादांनी परवा संमतिपत्रावर सही केली. त्यांचा एकच प्रश्न होता, पुन्हा भाकर चावता येईल काय? डॉक्टर म्हणाले, निश्चित सांगता येणार नाही. प्रयत्न आहे, आणि काही महिने लागतील. पर्युषणानंतरची तारीख मिळाली आहे. भेटावयास येणाऱ्यांनी जंतुसंसर्गाच्या भीतीने पहिले काही दिवस येऊ नये, ही नम्र विनंती. रक्तदाते आणि रुग्णालयात रात्री बसू शकणाऱ्यांसाठी एक वही ट्रस्टच्या कार्यालयात ठेवली आहे. तिच्यात आतापर्यंत चार नावे आली आहेत.