आजोबांच्या गांवीं

इस्राएलांतील तरुण मंडळी सक्तीची लष्करी नोकरी संपली म्हणजे पाठीवर पिशवी टाकून कांहीं महिने परदेशीं भटकावयास निघतात, आणि त्यांतील पुष्कळांचे पाय भारताकडे वळतात. कोणी हिमाचलांतील दऱ्यांत रमतो, कोणी गोव्याच्या वाळूंत. परंतु अशाच एका मेळाव्यांतील मुलगी मुंबईस सोबत्यांचा निरोप घेऊन भाऊच्या धक्क्यावर येते व मांडव्याच्या बोटींत चढते, तेव्हां ती निव्वळ मौजेसाठीं निघालेली नसते. मांडव्याहून अलिबाग फार दूर नाहीं. तेथील इस्राएल आळींत तिच्या आजोबांच्या चुलतभावाचें घर आहे. तें तिनें कधीं पाहिलेलें नाहीं, आणि त्या घरानेंहि तिला पाहिलेलें नाहीं. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तिच्यासारख्या आणखीहि असतील.

बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत अशी कीं, फार प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. बुडालेल्यांना नवगांवींच मूठमाती मिळाली. वांचलेल्यांचे वंशज तेल गाळण्याचा धंदा करूं लागले, व शनिवारीं घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. प्रार्थनांपैकीं 'शेमा' तेवढी तोंडीं राहिली. शनिवार मात्र सुटला नाहीं. किहीमकर, नवगांवकर, पेणकर, रोहेकर अशीं आडनांवें गांवांवरून पडलीं आणि भाषा मराठी झाली. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली, तेव्हांपासून कोंकणांतील व मुंबईंतील कुटुंबेंच्या कुटुंबें तिकडे गेलीं, आणि लोद, दिमोना, बीरशेबा, अश्दोद या गांवांत मराठी ऐकूं येऊं लागली. येथून त्यांना कोणी हांकलून दिलें नव्हतें, ही गोष्ट त्या समाजांतील वृद्ध मंडळी आजहि आवर्जून सांगतात. ते गेले ते 'परत' गेले, अशी त्यांची श्रद्धा होती. आज भारतांत उरलेल्यांची संख्या थोड्याशा हजारांच्या पलीकडे नाहीं, आणि कोंकणांतील कित्येक गांवीं सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषहि जमत नाहींत.

मुलीचे आजोबा १९५४ सालीं गेले, तेव्हां अठरा वर्षांचे होते.

दार उघडलें तें ऐंशी ओलांडलेल्या एका वृद्ध बाईनें. तिनें पाहुणीला आपादमस्तक न्याहाळलें व विचारलें, "कोणाची गं तूं?" मुलीनें वडिलांचें नांव सांगितलें, आजोबांचें सांगितलें, पणजोबांचें सांगितलें. तिसऱ्या नांवाशीं म्हातारीनें दारांतून बाजूला होऊन वाट दिली. कागद मागितला नाहीं, ओळखपत्र पाहिलें नाहीं.

मुलीची मराठी आजीजवळ शिकलेली. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीं बोटीबरोबर गेलेली. ती सिनेमाला 'बोलपट' म्हणते, हें ऐकून आळींतील मुलांना हंसूं आवरेना. शुक्रवारीं सायंकाळीं दिवे लागले, काळ्या मनुकांचें सरबत पेल्यांत आलें, नारळाच्या रसांतली मासळी पानांत पडली. हें सारें आपल्याच घरचें वेड आहे, शेजारच्या मोरोक्की व रुमानी घरीं नाहीं, अशी तिची लहानपणापासून समजूत होती. येथें तें वेड आळीभर होतें.

जेवणें झाल्यावर म्हातारीनें मनांतलें शल्य बोलून दाखविलें. ती या घरांत नवरी म्हणून आली १९६१ सालीं. दिराचीं पत्रें तेव्हां नियमानें येत. मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम तिचें असे. पुढील वर्षीं पत्र आलें कीं लग्न ठरलें आहे, मुलगी मोरोक्कोहून आलेल्या घरची आहे. त्यानंतर ओळ नाहीं. घरानें एक वर्ष वाट पाहिली, मग राग धरला. "मोठ्या देशांत गेला, मोठा झाला, आम्हांला विसरला," असेंच सर्वांनीं गृहीत धरलें. सासू त्याच रागांत गेली.

मुलगी बराच वेळ गप्प राहिली, आणि मग तिनें सांगितलें. १९६२ सालीं तिकडील मुख्य धर्मपीठानें असा दंडक घातला कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाला समाजाबाहेरील ज्यूशीं विवाह करावयाचा असेल, तर आधीं त्याच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. आजोबांना विचारण्यांत आलें, तुझी आई ज्यू कशावरून, तिची आई कशावरून? कोंकणांतल्या तेल्यांजवळ वंशावळीचे कागद कोठून असणार? तें लग्न मोडलें. समाजानें जेरुसलेममध्यें धरणें धरलें, आणि १९६४ च्या ऑगस्टांत संसदेनें व पाठोपाठ धर्मपीठानेंहि माघार घेऊन हा प्रश्न मिटविला. परंतु तोंवर आजोबांनीं बेने इस्राएलांतलीच मुलगी पाहून संसार मांडला होता. ज्या देशाचें इतकें कौतुक पत्रांतून लिहिलें, त्यानें आपल्याला दारांत उभें करून 'तूं कोण?' म्हणून विचारलें, हें घरीं कोणत्या तोंडानें कळवावें, म्हणून त्यांनीं लेखणी खालीं ठेवली, ती मरेपर्यंत उचलली नाहीं.

म्हातारी कांहीं बोलली नाहीं. सकाळीं मात्र तिनें पोहे भिजत घातले. मलिदा करावयाचा होता. ओले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, भोंवतीं फळें, आणि एलियाहू हनाबीचें नांव. नवस फिटला, मंगल कार्य ठरलें, दूरचें माणूस सुखरूप परतलें, कीं बेने इस्राएल घरांत मलिदा होतो. "पण मी तर पहिल्यांदांच आलें," मुलगी म्हणाली. "तूं नाहीं गं," म्हातारी म्हणाली, "तो."

आतां या घरांत एक मुलगाहि होता, पन्नाशीचा, आणि त्याला या सोहळ्यांत तितकीशी गोडी नव्हती. त्याचा दोष म्हणतां यावयाचा नाहीं. अलिबागकडे जमिनीचे भाव शहरी गिऱ्हाइकांमुळें कसे चढले आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. नारळाची वाडी समाईक, आणि गेलेल्यांचीं नांवें सातबाऱ्यावर तशींच. एकाची सही नसली कीं व्यवहार अडतो. एवढ्या वर्षांनीं तिकडून कोणी उगवली, ती हिस्सा मागावयास, असेंच त्याला पहिल्या दिवशीं वाटलें होतें, व तें त्यानें आतां सरळ बोलून टाकलें. मुलगी कांहींशी लाजली. हिस्स्याचें तिला ठाऊकच नव्हतें. वडील व आत्या यांना विचारून कळवितें, एवढेंच ती म्हणाली, आणि तिनें तो उतारा पाहावयास मागितला.

तिला मराठी बोलतां येते, परंतु वाचतां येत नाहीं. कागदावरच्या ओळींवरून तिची नजर नुसतीच फिरत राहिली. तेव्हां म्हातारी चष्मा लावून जवळ सरकली, तिचें बोट आपल्या हातांत धरलें, आणि वरून चौथ्या ओळीवर नेऊन टेकविलें.

"हा बघ. अजून येथेंच आहे."