आईनं ठेवलेलं नाव



बाळाचं नाव कोण ठेवतं? आपल्याकडे बारशाला आत्या कानात कुर्र करते. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रातल्या जुन्या गोष्टींत मात्र पुष्कळदा आईच नाव ठेवते. ती नावं हिब्रू भाषेतली. त्यांत त्या बाईचं सुखदुःख उतरलेलं असतं, म्हणून आज आम्ही त्यांतली काही नावं तुमच्यापुढं ठेवतो आहोत.

लेआ ही याकोबाची पहिली बायको. नवऱ्याचा जीव तिच्या धाकट्या बहिणीवर, राहेलवर. आणि तीच तिची सवत. लेआला मुलगा झाला. नाव ठेवलं रऊबेन, म्हणजे 'पाहा, मुलगा'. आता तरी नवरा माया करील, ही आशा. दुसरा शिमोन. या नावात 'ऐकणं' आहे. मी नावडती आहे हे देवानं ऐकलं, असं ती म्हणाली. तिसरा लेवी, यात 'जोडणं' आहे. आता नवरा माझ्याशी जोडला जाईल. चौथ्याचं नाव यहूदा, म्हणजे 'स्तुती'. या वेळी तिनं नवऱ्याचं नावच काढलं नाही, फक्त देवाचे आभार मानले. चार नावांत एका बाईचा सगळा संसार आला.

हागार ही दासी. पोटुशी असताना मालकिणीच्या जाचानं रानात पळाली. तिथं तिला देवदूतानं सांगितलं, मुलाचं नाव इश्माएल ठेव, म्हणजे 'देव ऐकतो'. हिब्रूत 'एल' म्हणजे देव. हागारनं तर देवालाच नाव दिलं, एल रोई, 'मला पाहणारा देव'.

हन्नाला मूल नव्हतं. नवस केल्यावर झालेल्या मुलाचं नाव तिनं ठेवलं शमुवेल. हे नाव आपल्या कोकणातही आलं. कोकणातले बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात शमुवेलचं झालं सामाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे शमुवेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात.

आता नामीची गोष्ट. नामी म्हणजे 'गोड, मनाजोगी'. दुष्काळात ती परमुलखात गेली, तिथं नवरा वारला, दोन्ही मुलगे गेले. सून रूथला घेऊन ती बेथलेहेमात परतली आणि बायांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे 'कडू'. पण ते नाव तिला चिकटलं नाही. पुढं रूथला मुलगा झाला, तेव्हा त्याचं नाव शेजारणींनी मिळून ठेवलं, ओबेद, म्हणजे 'सेवा करणारा'. हाच दावीद राजाचा आजोबा.

मैत्रिणींनो, दुःखाचं नाव माणसाला जन्मभर चिकटू द्यायचं की नाही, हे शेजारणींच्याही हातात असतं. आपल्याकडे मुलगा हवा होता म्हणून लेकीला 'नकुशा' म्हटलं गेलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं मिळाली. तुमच्या वाडीवस्तीवर अजून कुणी नकुशा असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत तिला बोलवा. तिला कोणतं नाव आवडतं, ते तिलाच विचारा, आणि त्या दिवसापासून सगळ्याजणी तिला त्याच नावानं हाक मारा.