ग्रंथालयशास्त्र आणि परदेशातील एक उन्हाळा
(वार्षिक समारंभात एरंडोल येथे दिलेले भाषण)



एका पालकांनी मला नुकताच एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी बी.ए.ला आहे. ग्रंथालयशास्त्र शिकावे आणि जमल्यास एखाद्या उन्हाळ्यात परदेशी जाऊन त्याचा अभ्यासक्रम करावा, अशी तिची इच्छा आहे. वडील म्हणाले, "सर, कपाटाच्या किल्ल्या सांभाळायला लंडनला कशाला जायचे?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. आपण आजवर ग्रंथपाल पाहिले ते किल्ल्या सांभाळणारेच. पुस्तक हरवले तर भरपाई त्यांच्या पगारातून होणार, मग ते बिचारे कपाट उघडे कसे ठेवणार? त्यामुळे पुष्कळ शाळांत पुस्तके काचेआड सुरक्षित असतात आणि मुले काचेबाहेर. माझ्या मते हा दोष त्या माणसांचा नाही, हिशेबाच्या पद्धतीचा आहे.

परदेशी शिक्षणाने यात काय फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण एका शिक्षकाचेच आहे. एस. आर. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. जानेवारी 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. परत वर्गावर जाऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. आधी लंडनला जाऊन या, नंतरही वाटले तर परत जा, असे त्यांना सांगण्यात आले. सप्टेंबर 1924 मध्ये ते गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 1919 साली सुरू झालेल्या ग्रंथालय विद्यालयात त्यांनी अभ्यास केला. बर्विक सेयर्स हे त्यांचे अध्यापक. ते क्रॉयडन गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. त्यांच्याच ग्रंथालयात रंगनाथन यांनी कामाचा अनुभव घेतला व इतरही अनेक ग्रंथालये पाहिली. वाचक स्वतः फडताळापाशी जाऊन पुस्तक काढतो, हे त्यांनी तेथे पाहिले. जुलै 1925 मध्ये ते परतले आणि वर्गावर जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मद्रासच्या ग्रंथालयातील फडताळे त्यांनी वाचकांना खुली केली.

लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, नटबोल्ट तेच. पण जोडणी बदलली की निराळी वस्तू तयार होते. पुस्तकांच्या विषयांचेही असेच करता येईल, असे त्यांना सुचले. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. खानदेशातील कापसावर पडणाऱ्या बोंडअळीविषयी एक पुस्तक आहे. ते शेतीत ठेवायचे, किडीत ठेवायचे की खानदेशात? रंगनाथन यांनी पीक, त्याचा रोग वा कीड, प्रदेश असे विषयाचे भाग वेगवेगळे काढून चिन्हांनी जोडण्याची रीत बसविली. 1933 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे कोलन वर्गीकरण ते हेच. परंतु ते खेळणे लंडनमध्ये हजारोंनी पाहिले असेल. रंगनाथन यांना त्यात उत्तर दिसले, कारण प्रश्न त्यांच्या डोक्यात आधीपासून होता.

प्रत्येकाने जायलाच हवे असेही नाही. 1915 साली डिकिन्सन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल लाहोरला पंजाब विद्यापीठात आले आणि त्यांनी वर्ग चालविला. त्या वर्गात शिकलेले के. एम. असदुल्ला पुढे 1930 साली कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे प्रमुख झाले आणि 1935 साली तेथे त्यांनी स्वतः शिक्षणवर्ग सुरू केला. त्याआधी, 1910 साली, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बॉर्डन यांना बडोद्यास आणले होते. हे सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सोडलेले मूल पुढे वाचणार काय? म्हणून गावोगाव ग्रंथालये आणि लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके निघाली.

आता आपल्या मुलामुलींविषयी. बाहेरचे उन्हाळी अभ्यासक्रम काही आठवड्यांचे असतात आणि बरेचसे आधीपासून या कामात असलेल्यांसाठी असतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर इकडे नोकरी मिळत नाही. त्यासाठी येथील बी.लिब. हवीच. ती आधी करावी. शिवाय तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट, ऐन कॉलेज सुरू होण्याचा काळ. सुट्टीत जाऊन येईन, हा हिशेब चुकतो. फी, राहणे आणि विमान हे तिन्ही खर्च एकत्र मांडून मगच घरात चर्चा करावी.

आणि जाताना आपला प्रश्न बरोबर न्यावा. माझ्यापुरता सांगतो. आपल्या मुलांच्या हाती उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही पुस्तके असतात. एकाच लेखकाचे नाव एका यादीत मुहम्मद, दुसरीत मोहम्मद, तिसरीत महंमद. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. संगणकावर आता दोन्ही लिप्या लिहिता येतात. पण ही तिन्ही नावे एकाच माणसाची, हे कोणीतरी बसून ठरविल्याशिवाय संगणकाला कळत नाही. याला ग्रंथालयशास्त्रात रीतसर पद्धत आहे. ती शिकून जी मुलगी परत येईल, तिला आम्ही कपाटाच्या किल्ल्या नव्हे, सगळी यादीच हवाली करू.

याच नावांच्या घोटाळ्यावरून पालकांना एक गोष्ट सांगायची राहिली. पासपोर्टच्या वेळी जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवरील नाव निरनिराळे निघते आणि महिनेच्या महिने जातात. आपल्या पाल्याचे नाव जनरल रजिस्टरमध्ये कसे लिहिले आहे, ते येऊन पाहा. दुरुस्ती करायची असेल तर मूल शाळेत असतानाच अर्ज द्या. दाखला काढल्यावर ते काम फार लांबते.